वाचनाची उजळणी

फळ्यावर वाक्य लिहून हर्षलाबाई वर्गाकडे वळल्या. मागच्या बाकावरची कुजबुज त्यांनी नुसत्या बघण्यानं थांबवली, आणि वाक्य वाचून दाखवायला पुन्हा फळ्याकडे पाहिलं, तर त्यांना ते वाचता येईना.

खडूच्या रेघा दिसत होत्या. काही वाटोळं, काही उभं, वरून आडवी रेघ. पण त्यातून एकही अक्षर लागेना. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. खिडकीचे गज स्वच्छ दिसले, बाहेर बोरिंगपाशी साचलेलं पाणी पिणारं वासरू दिसलं. अक्षरं तेवढी परकी झाली होती. आत्ताच आपल्या हातानं लिहिलेली.

शनिवारी तालुक्याहून साहेब सातवीचं वाचन तपासायला येणार होते. म्हणून आठवडाभर उजळणी चालली होती. उतारा वाचायचा, शब्दांच्या जाती ओळखायच्या, काळ बदलायचा, कवितेतली यमकं शोधायची. बाईंचं निम्मं आयुष्य कडावच्या आसपासच्या शाळांत हेच शिकवण्यात गेलं होतं. दुसरं आपल्याला काही येत नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

"पारू, तू वाच," त्या म्हणाल्या. आवाज कसाबसा नेहमीसारखा निघाला.

पारू डोंगराकडच्या ठाकूरवाडीतून चालत यायची. वाचायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. बाकाची कड धरून ती एकेक अक्षर लावू लागली, 'नदी'पर्यंत आली, अडली, पुढे काहीतरी पुटपुटली. वर्ग हसला. हसला म्हणून बाईंना कळलं की ती चुकली. काय चुकली ते कळेना. पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली, आता बाई सांगतील म्हणून.

मग त्यांना सुचलं, वाक्य आपलंच आहे, तोंडपाठ आहे. त्यांनी ते म्हणून दाखवलं आणि उरलेला तास तोंडीच रेटला. नाम कोणतं, विशेषण कोणतं, क्रियापद कुठे आलं. व्याकरण सगळं जागेवर होतं, आणि त्यानं भीती आणखीच वाढली. माणसाचं डोकं असंच एकेक करून जातं का? वर्गातून बाहेर पडताना त्यांचा उजवा खांदा चौकटीवर आदळला. त्या बाजूची चौकट त्यांना दिसलीच नव्हती.

मुख्याध्यापक साईनाथसरांना त्यांनी डोकं दुखतंय एवढंच सांगितलं. नाक्यावर उभं राहिल्यावर गाड्यांच्या पाट्या वाचता येईनात. कर्जतची कोणती, हे विचारायची लाज वाटली. रोजच्या वाटेवर असं कोण विचारतं? शेवटी ओळखीचा टेंपोवाला थांबला. रस्ताभर दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती मागे पडत गेल्या. सगळ्या मुक्या.

कर्जतलगतच्या भिसेगावला घरी पोचल्यावर त्यांनी दार लावलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं स्वतःचं नाव लिहिलं. हात सरसर चालला, कुठेच अडला नाही. पेन उचलून खाली पाहिलं, तर तेही वाचता येईना. बाई तिथंच खाली बसल्या.

त्यांचे यजमान विलास साजगावच्या कारखान्यातून सुटून आले, तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. बाईंनी कागद पुढे केला.

"काय लिहिलंय हे, बघा बरं."

"तुझंच नाव हाय की," विलास हसत म्हणाले. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं. "काय झालं गं?"

"मला वाचता येत नाही."

विलासनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली आणि तडक पनवेलचा दवाखाना गाठला. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की बोलणं आणि लिहिणं शाबूत आहे, वाचायचा रस्ता तेवढा बंद झालाय. परत येईल का, असं बाईंनी विचारलं. पूर्वीसारखं बहुतेक नाही, असं ते सरळ म्हणाले. अक्षर बोटानं गिरवून बघा, डोळ्यांना ओळखू येत नाही ते हाताला येईल.

साहेबांची तपासणी बाईंशिवाय झाली. बाई घरी जेवणाच्या टेबलावर बोटानं अक्षरं गिरवत बसायच्या. अर्ध्या दिवसात एक ओळ लागायची. दारावर कुणी आलं की पुस्तक वर्तमानपत्राखाली जायचं. न वाचणाऱ्या मराठीच्या बाई. हे शब्द कुणी उच्चारले नव्हते, तरी त्यांना ते सारखे ऐकू यायचे. नोकरी जाईल याचं भय होतंच, पण त्याहून वर्ग हसेल याचं जास्त होतं. विलासकडून कळल्यावर साईनाथसर घरी येऊन म्हणाले, की व्याकरण तोंडी घ्या, वाचनाचं मी बघतो. तरी परत शाळेत आल्या त्या पहिल्या दिवशी पायरीवर चप्पल काढायला त्यांनी फार वेळ लावला.

त्यांनी वर्गाला सांगून टाकलं. "मला आता वाचता येत नाही. तुमच्याबरोबर मलाही उजळणी करायची आहे."

कुणी हसलं नाही. बाई पारूच्या बाकावर जाऊन बसल्या. पुस्तक उघडलं. पहिलं अक्षर बाकाच्या लाकडावर गिरवलं, मग पुन्हा गिरवलं. मागे कुणीतरी खोकलं तेव्हा त्यांनी हात आखडून घेतला.

"घाई नका करू, बाई," पारू हळूच म्हणाली. "मी पन अशीच लावते. जोडाक्षराला लय वेळ लागतो."

जेवणाची घंटा झाली. मुलं ताटं घेऊन बाहेर पळाली. पारू उठली नाही. अर्धं जोडाक्षर लागलं होतं. पुढचं अर्धं बाई बाकावर गिरवत होत्या, आणि पुस्तकातली जागा हरवू नये म्हणून पारूनं तिथं आपलं बोट धरून ठेवलं होतं.