पांढरी की हिरवी

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना पाण्याची भीती वाटायची, आणि ती त्यांनी लग्नाआधीपासून झाकून ठेवली होती. भर रहदारीत नवशिक्यांच्या शेजारी बसून जांभया देणारा माणूस गुडघाभर पाण्याला घाबरतो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यामुळे रविवारच्या भटकंतीसाठी जुनी बोट घ्यायची टूम बायकोने काढली, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. आपली मान अशी नको तिथे डोलते, ही त्यांची जुनी खोड.

तलावाच्या धक्क्याला दोन बोटी बांधल्या होत्या. हिरवी पोचे पडलेली, फाटक्या सीटांची. पांढरी मात्र चकचकीत, आत नवाकोरा गालिचा.

"अहो, यात विचार कसला करायचा? पांढरीच घेऊ," बायको म्हणाली. आठ वर्षांची लेक बाबांचा हात धरून उभी होती.

"बसा तर खरं, वहिनी. एक चक्कर मारू," बोटी विकणारा टोपीवाला म्हणाला.

तो सुकाणूवर, शेजारी मास्तर, मागे मायलेकी. लाइफ जॅकेटं घरी राहिली असं टोपीवाल्याने सांगितलं, तेव्हाच उतरायला हवं होतं. पण बायको खुशीत होती आणि मास्तरांची मान पुन्हा डोलली होती.

तलावाच्या मध्यावर टोपीवाल्याने वेग वाढवला आणि समोर एक तरंगतं पिंप आलं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. अर्धं आयुष्य त्या ब्रेकवर गेलेलं. सवयीने पाय दाणकन खाली गेला. गालिच्याखालची फळी पार कुजलेली निघाली. बूट घोट्यापर्यंत आत रुतला, आणि आत थंडगार पाणी होतं.

पिंप बाजूने निघून गेलं. ओरडावं, तर पोर घाबरून उभी राहील आणि बोट कलंडेल. गप्प बसावं, तर पाणी किती चढलंय हे कोण बघणार? त्यांनी पाय तसाच भोकात ठेवला आणि शिकवणीतला आवाज काढला.

"हळू. वळवा. धक्क्याकडे घ्या. हळू."

"का हो, घाबरलात की काय?" बायकोने मागून विचारलं.

"छे!"

धक्का जवळ येता येईना. मास्तरांच्या पोटरीला गार लागत होतं, आणि ते पाण्याने की घामाने हे बघायची त्यांची छाती होत नव्हती. बोट एकदाची टेकली. त्यांनी आधी लेकीला उचलून वर ठेवलं, मग बायकोला हात दिला. स्वतः वर चढल्यावर ते तिथेच बसले.

"तळ कुजलाय हिचा," ते म्हणाले.

टोपीवाला गालिच्याकडे न बघता म्हणाला, "मग हिरवी बघू या का?"

"नको. मला पाण्याची भीती वाटते. पहिल्यापासून."

लेक येऊन त्यांना चिकटून बसली.

"मागेपण पाणी येत होतं, बाबा," ती म्हणाली. "माझ्याच बाजूला, पायांवर. निघाल्यापासून."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू काही बोलत नव्हतास ना. मला वाटलं, भीती वाटली तरी सांगायचं नसतं."

मास्तर तिचे भिजलेले बूट काढायला वाकले. नाडी काही केल्या सुटेना.