मलपृष्ठाची आतली बाजू

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मंदाकिनी आगटे यांच्या फोनवर एका जुन्या पानाचा फोटो आला. पाठवणारी नम्रता एका ग्रंथालयात काम करते. पान १९२४ सालच्या एका मासिकाच्या वार्षिक अनुक्रमणिकेचं होतं. त्यात एक ओळ होती : ‘कृष्णाबाईची ट्रंक (गोष्ट), सौ. वेणूबाई मेहुणकर, पृ. ३१२ ते ३१६ व मलपृष्ठाची आतली बाजू.’

मंदाकिनीबाईंनी ओळ दोनदा वाचली. मग कुकर बंद केला.

त्या बहात्तर वर्षांच्या. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लग्न केलं नाही. बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. बहीण चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दाराची बेल वाजवतो तो फक्त सिलेंडरवाला. त्याच वर्षी त्यांनी वेणूबाईंच्या कथा जमवायला घेतल्या. बायकांनी कथा लिहिणं हेच नवल होतं, त्या काळात वेणूबाईंनी एकतीस लिहिल्या आणि त्यातली एकही पुस्तकात आली नाही. तीस मिळाल्या. एकतिसावी अर्धवट होती.

त्या गोष्टीतली कृष्णाबाई शाळेतली नोकरी सोडून भावाकडे कायमची राहायला येते. टांगा निघून जातो, ट्रंक ओट्यावर असते. आत दिवा दिसतो. ती कडी वाजवते आणि पान ३१६ संपतं. सात ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांमध्ये त्यापुढे थेट पुढच्या महिन्याचा अंक सुरू होतो. वेणूबाईंनी गोष्ट तिथेच सोडली असावी, असं या कथांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहूनही झालं होतं.

“जागा संपली म्हणून उरलेली गोष्ट कव्हरच्या आत छापली,” नम्रता फोनवर म्हणाली. “आणि बांधताना सगळ्यांनी कव्हरं काढून टाकली. मॅडम, कुणाकडे सुटे अंक असतील का?”

“होते,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडेच होते. आत्याने जपलेले, बाराही महिन्यांचे, कव्हरांसकट. चौऱ्याण्णव साली त्यांनीच ते मंडईमागच्या बाइंडरकडे नेले होते.

दुपारी खंड पिशवीत घालून त्या तिथे गेल्या. बाइंडर नागोराव ऐंशीला टेकलेले. परभणीहून विशीत आले आणि त्याच गाळ्यात राहिले. त्यांनी खंड हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला.

“माझाच आहे. शिवण बघा, अजून हललेली नाही.”

“नागोराव, याची कव्हरं काय केलीत?”

“काढली.”

“का?”

“का म्हणजे? तुम्हीच उभ्या होतात इथं. म्हणालात, तेलाच्या नि दंतमंजनाच्या जाहिराती कशाला बांधायच्या, आटोपशीर करा.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा.”

दोनदा विचारलं होतं, हे मंदाकिनीबाईंनाही आठवत होतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या बाईला हे ऐकायला स्टुलावर बसावं लागलं.

“पण जाड कागद कोण टाकतो?” नागोराव म्हणाले. “पट्ट्या कापायच्या आणि पाठीला आतून अस्तर लावायचं. ह्याच्यातच असतील काही.”

“आणि बाकीच्या?”

“त्या आठवड्यात जयसिंगराव वकिलांचे निवाडे बांधायला होते, त्यांत गेल्या असतील. नऊ खंड. पुठ्ठा पातळ म्हणून परत पाठवले त्यांनी, म्हणून लक्षात आहे.”

पाठ उघडू का, असं त्यांनी विचारलं. या वेळी त्यांनी तीनदा विचारलं. मग ओलं फडकं ठेवलं, पाऊण तास थांबले आणि बोथट सुरीने कापड सोडवलं. चार पट्ट्या निघाल्या. तिन्हींवर केशतेलाच्या जाहिराती होत्या. चौथीवर मजकूर होता, दोन बोटं रुंद, बावीस ओळी. उभी कापलेली असल्यामुळे प्रत्येक ओळीतले दोन-तीनच शब्द. मंदाकिनीबाईंनी तिथेच उतरवून घेतले. ‘आंतून पावलें’. ‘कोण आहे म्हणून’. ‘ती म्हणाली, मी’. ‘पुन्हां शांत’. शेवटच्या ओळीत एकच शब्द : ‘दार’.

“उघडलं का?” नागोरावांनी विचारलं.

“तेच तर नाही.”

बुधवारी त्या बुधवार पेठेत श्यामसुंदर या प्रकाशकाकडे गेल्या. पुस्तक शुक्रवारी पाच वाजता छपाईला जायचं होतं.

“अहो बाई, शंभर वर्षं ती ओट्यावर उभी आहे,” श्यामसुंदर म्हणाले. “आणखी चार दिवसांनी तिचं काय बिघडणार? छपाईचं मात्र बिघडतं.”

“प्रस्तावनेत मी लिहिलंय की लेखिकेने शेवट केला नाही. ते खोटं आहे.”

“मग ते वाक्य काढा.”

“आणि शेवट?”

“शुक्रवार, पाच वाजता,” ते म्हणाले आणि चहा मागवला. एकच.

जयसिंगराव वारले होते. त्यांची सून उत्कर्षा गुरुवारी फोनवर भेटली. खंड जुन्या फ्लॅटमध्ये असतील, ऑफिस सुटल्यावर बघते, म्हणाली. “पण काकू, एका गोष्टीसाठी एवढं? तुमच्या नात्यातल्या होत्या का त्या?”

“नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “कुणी दार उघडलं का, एवढंच बघायचंय.”

शुक्रवारी त्यांनी पुस्तकात ही गोष्ट जिथे तुटते त्या पान २१४ वर खाली अर्धं पान कोरं सोडून मुद्रित परत पाठवलं. त्यावर श्यामसुंदर यांचं उत्तर आलं नाही. प्रस्तावनेतलं वाक्य मंदाकिनीबाईंनी काढलं होतं. त्याजागी अनुक्रमणिकेतली ओळ आणि पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे दिले. चौऱ्याण्णव साली कव्हरं कुणाच्या सांगण्यावरून काढली, तेही स्वतःच्या नावानिशी दिलं. दुपारी उत्कर्षाला तीनदा फोन केला. तिने उचलला नाही.

चार वाजून बावन्न मिनिटांनी तिचा मेसेज आला : ‘काकू, नऊपैकी आठ मिळाले. पाठी उसवायला दिरांना विचारावं लागेल, ते मीटिंगमध्ये आहेत.’

मंदाकिनीबाईंनी लिहिलं : ‘मी रिक्षाने येते. नागोरावांना घेऊन येते. पत्ता पाठव.’

पाच वाजता या मेसेजपुढे दोन खुणा होत्या, दोन्ही करड्या : पोचला होता, वाचलेला नव्हता.