झेंडा नसलेली गाडी

नंदूनं गाडीच्या दारावर हात टेकला आणि श्रीरंगला ते उघडू दिलं नाही.

"यार, दाढी काढ. नाहीतर झेंडा लाव. हायवेवरच्या पंपाची काच फोडलीय, मालक आपल्यातलाच."

न्यूयॉर्कचे मनोरे पडून महिना होत आला होता. स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात अमेरिकन झेंडा नसलेली गाडी शोधावी लागे. श्रीरंगची जुनी टोयोटा त्यातली एक, असं तोच अभिमानानं सांगे.

"मी पीएचडी कशावर करतोय, माहितीये ना?"

सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. रोमन साम्राज्य डुगडुगायला लागलं तेव्हा एका सम्राटानं फर्मान काढलं: प्रत्येकानं देवांपुढे चिमूटभर धूप जाळायचा आणि तसा दाखला घ्यायचा. काही ख्रिस्ती मेले, पण धूप जाळला नाही. बाकीच्यांनी जाळला, किंवा चिरीमिरी देऊन नुसता दाखला मिळवला. या बाकीच्यांवर श्रीरंगनं ऐंशी पानं लिहिली होती आणि एकाही पानावर त्यांना माफ केलं नव्हतं.

"धूप मी जाळणार नाही."

"जाळू नकोस. स्टिकर मिळतो, चिकटव."

आठवड्यातून दोनदा श्रीरंग चाळीस मैलांवरच्या गावात शिकवायला जाई. डोंगरातल्या रस्त्यावर मागे पिकअप दिसला की त्याची नजर आरशावरून हलत नसे. पण पिकअपवाले हॉर्न देत, हात हलवत पुढे जात. परवा तर एकानं अंगठा दाखवला. भ्यायलं नाही की लोक मान देतात, असा निष्कर्ष त्यानं काढला होता. तळटिपेत घालायचाही विचार होता.

गाडी नेहमी कुंपणाला पाठ लावून उभी. आज नंदू सहज मागे डोकावला.

"मग हे काय?"

बंपरवर वीतभर झेंडा होता.

श्रीरंगची बायको सुवर्णा डबा घेऊन खाली आली होती. ती जागीच थांबली.

"कधी लावलास?" श्रीरंगनं तिला विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐंशी पानं वाचून दाखवली असतीस." तिनं डबा पुढे केला. "तू येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही, श्री."

घरातल्या एकानं धूप जाळून सगळं घर वाचवल्याची उदाहरणं त्याच्या टिपणांत होती. समासात शेरा होता: विशेष निंद्य.

तो वाकला. कोपऱ्याखाली नख घातलं. स्टिकर सहज सुटायला लागला. नंदू आभाळाकडे बघू लागला.

मग श्रीरंगनं रुमाल काढून झेंड्यावरची धूळ पुसली आणि सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून धरला. इतका वेळ, की शेवटी नंदूच म्हणाला, "अरे, क्लासला लेट होशील."