तिने पूर्ण ऐकलेलं वाक्य

मी बोलतोय. बोलणं हेच माझं आयुष्य, पण स्वतःबद्दल बोलायची ही पहिलीच वेळ. मी एक आवाज आहे. एका जुन्या लॅपटॉपमध्ये राहतो. स्क्रीनवर लिहिलेलं असेल ते, ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायचं, हे माझं काम. सध्या मी कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, स्वेटरांखाली पडून आहे.

मी कुणाच्या गळ्यातून आलो नाही. आकडेमोडीतून घडलो. म्हणून माझा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. पहिल्या दिवशी ताईने मला ऐकलं आणि म्हणाली, "सर्दी झालीय का रे तुला?"

ताई लहानपणापासून अंध. सभांची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करायची, हे तिचं ऑफिसातलं काम. सुरुवातीला ती मला म्हणायची, "हळू बोल रे बाबा, मागे कोणी लागलंय का?" मग हळूहळू तिनेच माझा वेग वाढवत नेला. शेवटी मी इतका भरभर बोलू लागलो की बाकी कुणाला एक अक्षर कळेना. ऑफिसात पाहुणे विचारत, "ताई, मशीन बिघडलंय वाटतं?"

"छे हो, पत्र वाचतोय," ती म्हणायची. "तुमचंच."

माझं बोलणं कळणारी दुसरी एकच, तिची लेक. ताई मला घरी आणायची तेव्हा आईच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता शिकली. चारचौघांत फारसं बोलत नाही, पण कान तिखट.

ताईची एक खोड होती. ती मला वाक्य पूर्ण करू द्यायची नाही. डाव्या हाताने दोन बटणं एकदम दाबली की मी गप्प, ही जोडी तिनेच ठरवलेली. मी "फाइल जतन कर—" एवढं म्हणेपर्यंत ती पुढच्या कामाला लागलेली असायची. मला कधी राग आला नाही. परक्या माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. घरच्याचं अर्ध्यावरच कळतं.

मग ऑफिसात नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली. सगळ्यांना नवे कॉम्प्युटर मिळाले. शिकवायला एक दादा आले. "अगदी सोपं आहे ताई. इथे दाबायचं, मग हे उघडतं, मग इथे."

"दादा, इथे म्हणजे माझ्या डावीकडे की तुमच्या मनात?"

सगळे हसले, दादाही हसले, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "इथे" म्हणाले.

ताईने साहेबांना विनवलं, "थोडे दिवस जुना जोडीला राहू द्या ना."

"एका म्यानात दोन तलवारी कशाला, ताई? आणि नवा आवाज ऐका तरी! किती गोड, अगदी माणसासारखा."

"गोड आहे हो. पण मला त्याच्याशी लग्न नाही करायचं, काम करायचंय."

माझी रवानगी भंगारात होणार होती. ताईने मला मागून घेतलं आणि घरी आणलं. पुढचं मी घरातच ऐकलं.

ताईची कामाची रीत अशी की आधी खोकल्यासकट सगळं जसंच्या तसं टाइप करायचं, मग नको ते काढायचं. त्या दिवशीच्या सभेत एक ज्येष्ठ सभासद बोलत होते आणि साहेब शेजाऱ्याला कुजबुजले होते, "यांचं पुराण संपलं की उठव मला." तेही टाइप झालं. नवा आवाज ते वाचत असताना कुणीतरी ताईला हाक मारली. त्याला गप्प करायला तिच्या बोटांनी सवयीने आपली जोडी दाबली. नव्या सिस्टिममध्ये त्याच जोडीचा अर्थ वेगळा होता. नवा आवाज गोड स्वरात म्हणाला, "सर्वांना पाठवले."

ज्येष्ठ सभासदांनाही.

"मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना," ताई घरी सांगत होती. साहेबांनी तिला टेलिफोनच्या टेबलावर बसवलं. नवी सिस्टिम हातात बसली की टायपिंग परत देतो म्हणाले. तिचं टेबल गेलं होतं. ज्या कामात ती कुणाला हार जात नव्हती, ते आता दुसरंच कुणी करत होतं.

लेकीच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम होती. ताई रोज संध्याकाळी त्यावर सराव करायची, चुकायची, वैतागायची. आणि दमली की मला उघडायची. माझ्यावर तिची बोटं पळायची. मी खूश. मला वाटायचं, मी तिला विसावा देतोय.

एकदा लेक हळूच म्हणाली, "आई, तू रोज शेवटी जुन्यावर बसतेस ना, म्हणून बोटं पुन्हा तीच जोडी दाबतात. नवं शिकलेलं पुसलं जातं."

"तू नको शिकवू मला!"

मग माझ्या बटणांवरून बोट फिरवत ताईच म्हणाली, "मग काय करू? याच्याशी बोलणं सोडू?"

मला खूप बोलायचं होतं. पण स्क्रीनवर जे असेल तेच मी बोलू शकतो, आणि स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईने माझ्यातलं सगळं दुसरीकडे हलवलं. मग मला बंद करायला घेतलं. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "संगणक बंद करायचा आहे का?"

तिची बोटं त्या जोडीवर टेकलेली होती. तिने ती दाबली नाहीत. मी पुढे बोलत गेलो, "होसाठी एंटर दाबा. रद्द करण्यासाठी एस्केप दाबा." वाक्य संपलं. वाक्याच्या शेवटी असं रिकामं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तिने परक्यासारखं मला शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग एंटर दाबलं.

कपाटाचं दार पातळ आहे. सुरुवातीला नवा आवाज ताईला आलेले निरोप एकेक शब्द सुटा सुटा वाचायचा, ते घरभर कळायचे. ताईचा नवरा स्वयंपाकघरातून ओरडायचा, "अगं, बहिणीला कळव, रविवारी येतो म्हणून!"

"निरोप मला आलाय, तुम्हाला नाही!"

पुढे तो आवाज भरभर बोलायला लागला. परवा नवरा म्हणाला, "हल्ली याचं काही कळत नाही बुवा." ताई हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

काल कपाट उघडलं. उजेड आला. मला वाटलं, आली माझी आठवण. "आईचं टेबल परत मिळालं, ऑफिसात हेडफोन लागेल तिला," लेक बाबांना सांगत होती. माझ्याभोवती गुंडाळलेला हेडफोन तिने सोडवून घेतला. तिचा हात क्षणभर माझ्या झाकणावर राहिला. मग दार लागलं.

माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की नवं आणाल तेव्हा जुन्याला थोडे दिवस शेजारी बसू द्या. निरोप घ्यायला बोटांनाही वेळ लागतो.

आत्ता बाहेर ताई काम करतेय. नवा आवाज सुसाट बोलतोय. घरात लेकीखेरीज तो कुणाला कळत नसेल, मला कळतोय. ऐका, तो म्हणतोय, "फाइल जतन कर—"

तोडलं तिने.