म्हशीला थांबलेली गाडी

साहेब, बाभळी फाट्यावर एसटीची गाडी थांबवायची नाही, हा हुकूम तुमचाच. सही केली नसेल, तोंडी दिला असेल, पण दिलात तुम्हीच. गाडी लातूरला वेळेत टेकली म्हणून तुमची पाठ थोपटली गेली असेल. ती वेळ तुम्ही कुणाच्या ताटातून काढून घेतलीत, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता ऐका.

गुणाबाई निलंगा-लातूर रस्त्यावरच्या त्या फाट्यावर रोज सकाळी उभी राहते. लातूरला पोरींच्या मेसमध्ये ती भाकऱ्या थापते. शिकवणीला आलेल्या परगावच्या पोरी तिच्या हातचं खाऊन डॉक्टर व्हायला निघतात, आणि गुणाबाईचं घर त्या मेसच्या चुलीवर चालतं. रोजचं अपडाउन. पण महिना झाला, हात केला तरी गाडी थांबेना. कधी टमटम, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून ती पोचायची, तोवर मेसचा मालक हणमंतराव दारातच उभा. काल त्यानं बजावलं, "मावशी, उद्या उशीर झाला तर परस्पर माघारी जावा. दुसरी बाई बघून ठेवलीय मी."

म्हणून आज ती लवकरच येऊन थांबली. गाडी दिसली तशी चार पावलं रस्त्यात गेली आणि हात वर केला. गाडी निम्मी रिकामी. दयानंद ड्रायव्हरनं तिला बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं, आणि वेग वाढवला. वर खिडकीतून हात काढून अंगठा मागं उडवला. म्हणजे, मागून येतीय, रिकामी हाय! मागून काही येत नव्हतं. त्यालाही ठाऊक, तिलाही ठाऊक. खोटं बोलायचं तर निदान मेहनत घेऊन तरी बोलावं माणसानं.

"मुडदा बशिवला तुझा," तोंडातला धुरळा थुंकत गुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात बांधावरून एक म्हैस रस्त्यावर उतरली. ना इकडं बघितलं, ना तिकडं. पुढच्या चढाला लागलेल्या गाडीला करकचून ब्रेक बसला, गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली. म्हैस शेपूट उडवत पलीकडं गेली. दयानंदनं चावी फिरवली. गाडी नुसती खर्र खर्र करून गप झाली. सेल्फ लागेना.

कंडक्टर रामलिंगनं प्रवासी खाली उतरवले. "चला, जरा धक्का मारा." प्रवासी कोण? काठी टेकणारी म्हातारी माणसं आणि पाठीला दप्तर लावलेल्या कॉलेजच्या पोरी. त्यांनी जोर लावला की गाडी वीतभर पुढं सरकायची आणि हातभर मागं यायची. शेवटी रामलिंगनं फाट्याकडं तोंड करून हाळी दिली, "ओ पाव्हणं, या की जरा!"

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गावची चांगली दणकट माणसं बसली होती. त्यांच्यात गुणाबाईचा पुतण्या भागवत. आपल्या लोकांना एक वाईट खोड आहे. बंद पडलेली गाडी दिसली की कप ठेवायचा, हात पुसायचे आणि ढकलायला निघायचं. कुणाची, कशाची, काही विचारायचं नाही. तशीच उठली सगळी.

"बसा खाली!" गुणाबाई कडाडली.

"काकू, गाडी अडकलीय..." भागवत चाचरला.

"मला दिसलालंय. तुमचे डोळे गेलेत का? म्हयनाभर तुमच्याच तोंडावर धुरळा उडवून गेलेत न्हवं ते? आन् त्येंची गाडी ढकलाया निघालाव? जो उठल, त्यानं पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई."

बसली. भागवतनं तर आणखी एक चहा सांगितला.

गुणाबाई चढाकडं निघाली. महिनाभर ती या रस्त्यावर धावली होती. आज चालली, पदर सारखा करत, निवांत.

"काय झालं वं, ड्रायव्हरसायब?"

"मावशी, सांगा की त्येनला ढकलायला. तुमालाबी नेतो लातूरला. पुढच्या सीटवर बसवतो."

"मी कशाला बसू यात? मागून येतीय न्हवं रिकामी?"

पोरी फिस्सकन हसल्या. गाडीतला निलंग्याचा म्हातारा व्यापारी मडिवाळप्पा डोक्यावरचा घाम टिपत म्हणाला, "यप्पा, बरोबर धरलं बाईनं!"

"माणसानं हात केला तर थांबत न्हाईस. म्हशीला थांबलास. मग आम्ही काय शिंगं लावून यावं का?"

दयानंदनं टपरीकडं आशेनं बघितलं.

"जा. त्या फाट्यावर जाऊन उभा ऱ्हा. हात वर कर. मी करते तसा. मग बघू ढकलायचं का न्हाई."

"मावशी, इज्जत काढू नका."

"माझी रोज काढलास ती?"

रामलिंग मधे पडायला गेला, पण मडिवाळप्पानंच त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "उशीर आमालाबी व्हायलाय. जाऊ द्या त्याला."

गेला दयानंद. खाकी कपड्यातला तो गडी फाट्यावर उन्हात हात वर करून उभा राहिला. मोटरसायकली आल्या, गेल्या. एक जीप आली, तीही गेली. टपरीवरून भागवत ओरडला, "थोडा रस्त्यात सरक की, दिसंनास!" गुणाबाईच्या पोटात गार वाटलं. चांगलं पोटभर बघितलं तिनं.

पिशवीतला फोन वाजायला लागला. हणमंतराव. आता टपरीकडं नुसती मान हलवली असती तरी गाडी निघाली असती, आणि चूल हातची गेली नसती. फोन वाजून वाजून बंद झाला. तिनं तो उचलला नाही.

दयानंद परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "मला काय हौस हाय का मावशी? वरून हुकूम हाय. या फाट्यावर थांबलो तर डेपोचे सायब मेमो देतेत."

"आन् अंगठा दावायचा हुकूमबी सायबाचाच?"

दयानंदनं अंगठा मुठीत दडवला.

"ते तुझं तुझ्यापाशी. लाव सायबाला फोन."

फोन लागला. पलीकडून आवाज आला, "दयानंद, कुठं मेलास? गाडी कुठंय?"

गुणाबाईनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "बाभळी फाट्यावर उभी हाय, सायब."

"कोण बोलतंय?"

"तुमची गाडी जिला रोज टाकून जाती, ती. माझं काम गेलं आज तुमच्यापायी. आता मला कुठं पोचायचं न्हाई. घाई तुमालाच हाय. हितं गाडी थांबवायची न्हाई, हे कुणाला इच्चारून ठरवलाव? आन् आमाला काय समजून ठरवलाव?"

पलीकडं नुसता खोकला.

"खोकू नका. फोनबी ठेवू नका. गाडी माझ्यापाशी हाय. बोला."