नेलिदाच्या कोंबडीतलं मीठ

केमोनं जिभेची चव जाते, हे एउदोसियाला स्वतःच्या कॅन्सरनं शिकवलं होतं. आता लिमातल्या तिच्याच गल्लीतल्या नेलिदाच्या केमोसाठी तळलेली कोंबडी विकून पैसे उभे करायची पोयादा ठरली, तर नेलिदा हट्टालाच पेटली, "कोंबडी माझ्यासाठी विकताय ना? मग मसाला मीच लावणार!"

एउदोसियानं घरोघरी तिकिटं खपवली, रविवारी कढईपाशी उभी राहून तळण काढलं आणि पहिल्याच घासाला करवादली, "मीठ आहे की समुद्र! लोक काय म्हणतील?"

शेजारचे आबेलिनोकाका हाड चोखत म्हणाले, "गप खा. तुझ्या पोयादाला तू मसाला लावलेली याहून खारट होती."

एउदोसियाचा घास हातातच राहिला. तेव्हा तर अख्ख्या गल्लीनं मागून मागून खाल्लं होतं!

तिनं ताटली पुढे केली. "नेलिदा, अजून एक तुकडा वाढ गं."