थंडीत मरणारा जंतू

प्रयोगशाळेत मी काचसामान धुते. सगळे मला मावशी म्हणतात आणि माझ्यासमोर काहीही बोलतात. धुणारीला कान नसतात असा यांचा समज.

मॅडमनी मेंदूज्वराचा एक जंतू शोधला, नेहमीच्या औषधाला भीक न घालणारा. एका लहान पोरीच्या पाठीतल्या पाण्यातून तो निघाला आणि मॅडमनी तो सहा वर्षं जगवला. दर दोन दिवसांनी तारेच्या टोकाने उचलायचा, नव्या प्लेटवर ठेवायचा, उबेत बंद करायचा. वडील गेले त्या दिवशीही आल्या. तार लाल होईपर्यंत तापवली, काम उरकलं आणि मगच रडल्या.

आमच्या विभागप्रमुखाला आम्ही ‘अत्तर’ म्हणतो. माणसाच्या आधी वास येतो. सहा वर्षांत तो त्या खोलीत पाच मिनिटं टेकला नाही. पण शोधनिबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव त्याचं, दुसरं त्याच्या जावयाचं. मॅडम कुठे? शेवटी, बारीक अक्षरात, ‘यांचे आभार’. कशाचे आभार? चहा करून दिल्याचे?

मॅडम जाब विचारायला गेल्या.

“अहो, तुम्ही घरच्याच. घरात कुणी नावं मोजतं का?” साहेब हसत म्हणाला.

आठवड्याच्या आत घरच्या बाईची बदली पाणी-तपासणीला. किल्ल्याही काढून घेतल्या.

मग साहेबाने स्वतः काळजी घेतली. सगळ्या प्लेटा उचलून फ्रीजमध्ये ठेवल्या.

मी म्हटलं, “साहेब, मॅडम याला कधी फ्रीज दाखवत नव्हत्या.”

“मावशी, तुम्ही बाटल्या धुवा.”

धुतल्या. हा जंतू थंडीत मरतो, हे मला धुणारीला ठाऊक. वीस वर्षं खुर्ची उबवणारा विसरला.

महिन्याने मासिकाचं पत्र आलं: जिवंत जंतू तपासायला पाठवा, नाहीतर निबंध मागे घ्या. साहेब पाणी-तपासणीत धावत आला. मी तिथेच बाटल्या धूत होते. त्या दिवशी अत्तरसुद्धा लावलं नव्हतं.

“मॅडम, तुमच्याकडे एखादी प्लेट...”

“किल्ल्या तुमच्याकडे. मी काय पदरात बांधून नेला?”

“मग संपलंच म्हणायचं?”

“नाही. पहिल्याच वर्षी सुकवून जंतुसंग्रहालयात ठेवलाय. मागणीचा अर्ज भरा.” मॅडमनी खणातून कागद काढला. “शोधणाऱ्याचं नाव लिहा. तिथल्या नोंदीशी जुळलं तरच कुपी मिळते.”

“तुम्हीच भरा ना, मी सही करतो.”

“विभागप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरायचा. नियम तुम्हीच काढलाय.”

साहेबाने पेन टेकवलं आणि थांबला. कपाळावर घाम.

“तुमचं... पूर्ण नाव काय?”

अकरा वर्षं एका छताखाली! चोरताना हात थरथरला नाही, आणि नाव लिहायचं तर घाम फुटतो?

मॅडमनी एकेक अक्षर सांगितलं. आडनाव चुकलं. “खोडा,” त्या म्हणाल्या. त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं, सही केली.

“मावशी, याच्या दोन झेरॉक्स आणा,” मॅडम म्हणाल्या. “एक मासिकाला पाठवायचीय.”

मी दहा आणल्या. एक जिन्यात लावली, साहेबाच्या दारासमोर.